नाना भोपी आणि हलका चाप

नाना भोपींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून, रायफलच्या लाकडी दस्त्याला कान लावून बसले होते. एका बोटाने चाप हळूहळू मागे ओढत होते. आत 'टक' झालं की मागच्या बोल्टची मूठ उचलायचे, पुन्हा बंद करायचे, पुन्हा ओढायचे. मी समोर येऊन उभी राहिले हे त्यांना कळलं होतं, पण डोळे उघडले नाहीत. सात-आठ वेळा ओढून झाल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "आत कायतरी घासतंय." मग माझ्याकडे बघून, "बसा ना बाई. उभं राहून काय मिळतंय?"

मी शाळेत शिकवते हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, तरी हाक तीच राहिली.

कर्जतहून खालापूरकडे येताना रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एका क्लबची छोटी शूटिंग रेंज आहे. सहा जणांना आडवं पडून नेम धरता येईल एवढी जागा, वर पत्रे, पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध. रेंजच्या मागे पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती आणि त्या खोलीत नाना. मोहोपाड्याच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर दहिवलीला घरची भातशेती बघत होते. क्लबवाल्यांनी त्यांना बोलावलं होतं ते कागदी टारगेट पुढे-मागे नेणारी तारेची कप्पी दुरुस्त करायला. कप्पी दुरुस्त झाली आणि नाना तिथेच राहिले. परवाने, नोंदी, कागदपत्रं सचिव बघत. हत्यार उघडायचं ते नानांनी. खोलीत ते चहा प्यायचे नाहीत. "हाताला साखर लागते," म्हणायचे, आणि कप घेऊन बाहेर जायचे.

मी खालापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल चालवली होती, हात बरा होता. मग लग्न, बीएड, नोकरी. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, कारण विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. तासभर आडवं पडून एका काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि त्या तासात कुणी आपल्याला काही विचारायचं नाही, हे मला आवडलं असावं. वर्षभराने परवाना झाला, पुण्याच्या एका निवृत्त खेळाडूकडून त्यांची जुनी रायफल घेतली. तिचा चाप फार जड होता. शेवटच्या क्षणी जोर लावावा लागे, आणि त्या जोराने गोळी ठिपक्याच्या उजवीकडे खाली जाई.

"मला हलका ट्रिगर बसवायचाय," मी नानांना सांगितलं.

"किती हलका?"

"मिळेल तितका."

"वांगी घ्यायला गेल्यावर आमी असं नाय म्हनत. पाव किलो म्हनतो, अर्धा किलो म्हनतो."

मी हसले, ते हसले नाहीत. त्यांनी उठून क्लबच्या तीन रायफली टेबलावर मांडल्या. प्रत्येकीचा बोल्ट काढला, चेंबरमध्ये डोकावले, करंगळीने चाचपलं, मग मला म्हणाले, "मी बघितलं. आता तुमी बघा." मी बघितल्यावर त्यांनी प्रत्येकीत एकेक वापरलेलं रिकामं काडतूस घातलं. या रायफलींत गोळी उडवणाऱ्या टाचणीचा मार काडतुसाच्या कडेवर बसतो. आत काहीच नसेल तर तो थेट नळीच्या काठावर बसून काठ चेपतो, म्हणून. "आता डोळे मिटा आनि सांगा, सगल्यात हलका कुठला."

मी तिन्ही ओढून पाहिले. मधला, मी म्हटलं, अगदी खात्रीने. नानांनी खुंटीवरचा हुकाचा काटा काढला. बाजारात मासळी तोलतात तसला, पण लहान. चापात हुक अडकवून त्यांनी तिन्ही मोजून दाखवले. मधला सर्वांत जड निघाला.

"गुलगुलीत हाय म्हनून हलका वाटला," ते म्हणाले. "तुमाला वजन नाय टोचत बाई. खरखर टोचते."

एवढं ऐकून मी शहाणी व्हायला हवं होतं. पण राज्य स्पर्धेची निवड चाचणी अडीच महिन्यांवर आली होती आणि माझ्याकडे मोबाईल होता. माझ्या रायफलला बसणारे तीन तयार ट्रिगर मिळत होते. एक अगदी हलका, बोट टेकवलं की सुटणारा. दुसरा मधला. तिसरा त्याहून जड, दोन टप्प्यांचा: आधी बोट थोडं मागे सरकतं, एका जागी अडतं, आणि मग जरा दाबलं की सुटतो. मी तिन्हींची माहिती नानांना वाचून दाखवली. त्यांनी वजन विचारलंच नाही. "आतला स्क्रू हादऱ्यानं आपोआप फिरतो का? स्प्रिंग गेली तर सुटी मिलते का? उघडून साफ करता येतो का, का सीलबंद हाय?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत नव्हतं. मी हलकाच मागवला. कमी म्हणजे चांगलं हे मी कुठल्या गणितात शिकले, मला माहीत नाही.

नानांनी तो बसवला. आणि मला सांगायला हवं की तो फार सुंदर होता. नुसतं मनात आणलं की गोळी गेलेली असे. पहिल्याच आठवड्यात सरावातले गुण वाढले. मी पेढे घेऊन गेले. नानांनी पेढा कागदात बांधून खिशात ठेवला आणि म्हणाले, "रायफल चार दिवस हितं राहू दे. अजून तपासायचीय."

"आता काय तपासायचं? चालतोय की."

"आज चाललं म्हनून चालतंय असं नाय."

याच दिवसांत तिथे एक गृहस्थ आले होते. आमच्या भागात डोंगराकडेला फार्महाउसं झाली आहेत, त्यातल्या एकाचे मालक. त्यांना आपल्या रायफलचा चाप 'फुंकर मारली तरी सुटेल' असा करून हवा होता. नानांनी विचारलं, "म्याच खेलता का?" ते म्हणाले, नाही, पाहुणे येतात, त्यांना दाखवायला. नानांनी रायफल त्यांच्या हातात परत दिली. "पाहुन्यांना घर दाखवा," म्हणाले. गृहस्थ सचिवांकडे तक्रार करून गेले. नाना तोवर पुढच्या कामाला लागलेले होते. मला तेव्हा त्या गृहस्थांचं हसू आलं होतं. माझी मागणी त्यांच्याहून फार वेगळी नव्हती, हे मनातही आलं नाही.

रायफल मी त्यांच्याकडे ठेवली ती थेट चाचणीच्या आठवड्यात. चाचणीला तीन दिवस होते. मधल्या सुट्टीत फोन आला.

"बाई, तो काढला."

"काय काढला?"

"ट्रिगर. जुना परत बसवलाय."

झालं होतं असं. नाना रायफल बाकाला बांधून, नळी बांधाकडे ठेवून, आत रिकामं काडतूस घालून बोल्ट जोरात बंद करत होते. चापाला हात न लावता. उघड, आपट, उघड, आपट. एकशे बेचाळिसाव्या वेळेला बोल्ट बंद होताच टाचणी आपोआप सुटली. काडतूस खरं असतं तर गोळी गेली असती. त्यांनी पुढे दोनशेपर्यंत नेलं. पुन्हा तसं झालं नाही.

"म्हणजे दोनशेत एकदा," मी म्हटलं. मुलं मैदानात ओरडत होती, मी एका कानात बोट घालून बोलत होते. "नाना, दोनशेत एकदा!"

"तुमच्या एका म्याचला सराव धरून सत्तर गोल्या. म्हंजी तीन म्याचात एकदा. तुमीच गनिताच्या."

"पण नळी समोरच असते ना."

"आजवर असते," ते म्हणाले.

मी रागावले. बोलू नये ते बोलले. रायफल माझी आहे, मला न विचारता तुम्ही कसा काढलात, असंही म्हटलं. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रायफल तुमची. हात माजा लागलाय तिला." आणि फोन ठेवला.

जुन्या जड चापाने मी चाचणी दिली. बोट दोन महिन्यांत त्या हलक्या चापाला सरावलं होतं. शेवटच्या दहा गोळ्यांत तर मी अक्षरशः झगडत होते. तीन गुणांनी हुकले. यादी वाचून झाल्यावर रायफल पेटीत ठेवली, घरी आले आणि पुढचा दीड महिना रेंजवर गेले नाही. नानांचाही फोन आला नाही. तो येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी त्याचाही राग धरला.

शेवटी गेले ती पेटीतल्या रायफलला तेल पुसून घ्यायला. नाना आले नव्हते. खोलीबाहेरच्या ओट्यावर रघुनाथ बसला होता. तो नानांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. रोज दहिवलीहून स्कूटरवर त्यांना आणायचा आणि संध्याकाळी न्यायचा. आज नाना तालुक्याला गेले होते, सातबाऱ्याच्या कामाला, आणि रघुनाथ त्यांची वाट बघत कप विसळत होता. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ते मी पूर्वीच पाहिलं होतं. कारखान्याच्या भागात अशा हातांकडे कुणी फार निरखून बघत नाही.

"रागावलाय ना तुमी दाजींवर?" त्याने विचारलं.

मी पेटी ओट्यावर ठेवली.

"ही बोटं," त्याने हात वर केला, "दाजी म्हनतो, मी कापली. मी म्हनतो, मशीननी कापली. तीस वरसं झाली, आमचं हेच भांडान चाललंय."

मग त्याने सांगितलं. कारखान्यात पिंपांवर झाकणं दाबून बसवायचं यंत्र होतं. खाली पायाने दाबायचं पायडल, वरून दाबणी येई. पायडल फार कडक. आठ तासांच्या पाळीत पोटऱ्या भरून येत. "मीच दाजीला म्हटलं, पायडल हलकं कर रं. चार दिस मागं लागलो. त्यानं स्प्रिंग बदलून दिली. लोनी झालं व्हतं नुसतं. सगले खूश. तिसऱ्या दिशी वरनं रिकामी गोन घसरली, पडली ती पायडलवर. रिकामी व्हती हो! तिला वजन ते काय. माजा हात झाकनावर."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात माज्या उशाशी दाजी बसला व्हता, मलाच त्याला पानी पाजावं लागलं. ताईनं सा महिने त्याच्याशी धड बोलनं केलं नाय. मी बोलत व्हतो, ती नाय." त्याने कप उपडे घातले. "नोकरी गेली नाय माजी. दुसरीकडं घातलं मला. पन हा मानूस तवापासनं कायबी हलकं करून द्यायचं म्हटलं की असा करतो."

मी नानांची वाट बघत बसले. ते दुपारी आले, कागदांची पिशवी भिंतीला अडकवली, माझ्याकडे पाहिलं, रायफलच्या पेटीकडे पाहिलं. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते बोलायला त्यांनी वेळच दिला नाही. "त्यो तिसरा हाय का अजून बाजारात?" त्यांनी विचारलं. "दोन टप्प्यांचा?"

तो तिसरा आम्ही नीट चौकशी करून घेतला. मी विक्रेत्याला तीनदा फोन करून नानांचे प्रश्न विचारले. स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून त्याला कुलुपासारखी दुसरी चकती होती, स्प्रिंगा सुट्या मिळत होत्या, सगळा भाग दोन खिळ्या काढून उघडता येत होता. नानांनी तो हातात घेतला तेव्हा आधी नुसता हलवून कानाशी धरला, नारळ बघतात तसा. बसवायला अर्धा तास लागला, तपासायला अकरा दिवस. बोल्ट आपटून दोनशे वेळा. लाकडी हातोडीने दस्त्याला ठोकून. सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. सुटता कामा नये. पावसाळी ओल धरलेल्या खोलीत दोन रात्री ठेवून पुन्हा सगळं पहिल्यापासून. प्रत्येक वेळी ते मोठ्याने आकडा म्हणत. एकदा मी म्हटलं, पन्नास पुरे की हो. ते म्हणाले, "एकदा चाललं तर नशीब. दोनशेदा चाललं तर काम."

तो ट्रिगर त्या सुंदर ट्रिगरइतका हलका नव्हता. जवळपास चौपट जड होता. पण पहिल्या टप्प्याला बोट जाऊन टेकायचं आणि तिथे थांबता यायचं. थांबता येणं ही गोष्ट मला त्याआधी कुठल्या चापाने दिली नव्हती. पुढच्या वर्षी चाचणीत माझी निवड झाली, यादीत शेवटून दुसरी. राज्य स्पर्धेत काही विशेष केलं नाही. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सुटला का कुठं आपोआप?" नाही म्हटलं. "झालं तर," म्हणाले. गुण त्यांनी विचारले नाहीत.

त्यानंतरची चार वर्षं मी जवळजवळ दर रविवारी त्यांच्या खोलीत बसले. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते क्लबच्या एका रायफलची खिळी बसवत होते. बारीक खिळी, काडीएवढी. ती खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी ती शोधली नाही. उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिले. हात थरथरत होता. मला ते दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी चिंधीने बोटं एकेक करून पुसली, खोलीबाहेर गेले आणि सचिवांना सांगितलं, "उद्यापासनं मी नाय."

सचिव समजावत होते. हळूहळू करा नाना, घाई नाही, सोपी सोपी कामं तुम्ही करा. नाना म्हणाले, "हितं सोपं काम कुठलं हाय ते दाखवा." रघुनाथने स्कूटर चालू केली. मी खिळी शोधून काढली, ती टेबलाच्या पायाशी होती. रायफल अर्धवट उघडी राहिली होती, ती मग पुण्याला पाठवावी लागली. आता सगळ्याच तिकडे जातात.

शेवटची भेट गेल्या माघातली. दहिवलीच्या घराच्या पडवीत ते वालाच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणजे शेंगा त्यांच्यापुढे होत्या, सोलत त्यांच्या पत्नी होत्या. नानांची बोलण्याची गतीही कमी झाली होती. मी एक गोष्ट सांगायलाच गेले होते. आदल्या आठवड्यात मी स्वतःच माझ्या ट्रिगरचा स्क्रू पाव फेरा सैल केला होता. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आतच, पण नानांनी ठेवला होता त्यापेक्षा हलका. नवीन हंगाम होता, बोटाचा सांधा दुखू लागला होता.

त्यांनी शेंग खाली ठेवली. "आपटून बघितलास का गं?"

पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

"बघितलं."

"किती?"

"पन्नास वेळा."

"आनि बाकीचे?"

खरं सांगायचं तर मला दुसरं काही कारण जोडता आलं असतं. रेंज बंद व्हायची वेळ झाली होती, असं. "कंटाळा आला, नाना," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना इतक्या मोकळेपणी हसताना मी पाहिलं नव्हतं. पत्नीनेही हातातली शेंग तशीच धरून त्यांच्याकडे बघितलं. हसू ओसरलं. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस ते. रघुनाथला, हिला, कारखान्यात, सगल्यांना मी सांगितलं, पायडल हलकं केलं ती माजी चूक. तसं नाय ते. हलकं करायला कायबी हरकत नव्हती. मी तीनदा दाबून बघितलं. वरनं कायतरी टाकूनबी बघायचं, हे तवाबी डोक्यात आलं व्हतं." त्यांनी खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली. "जेवनाची सुट्टी झाली व्हती. कंटाला आला."

त्यांच्या पत्नीने सोललेले दाणे सुपात ओतले आणि सूप घेऊन आत गेल्या. पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रेंजवर गेले आणि उरलेले दीडशे पुरे केले. मग पहिले पन्नास वेगळ्या दिवशीचे, म्हणून तेही पुन्हा केले. आकडा मोठ्याने म्हणत होते. शेजारी सराव करणारे मान वळवून बघत होते. चाप एकदाही आपोआप सुटला नाही. तिथूनच नानांना फोन लावला. रघुनाथने तो त्यांच्या कानाशी धरला.

"दोनशे झाले, नाना. एकदाही नाही."

"पुरे दोनशे?"

"पुरे."

 मग नाना म्हणाले, "मंग राहू दे की तसाच."

होळीच्या आधी ते गेले. ट्रिगर तसाच आहे.